भरड दाणा

शुक्रवारी एमआयडीसीची वीज गेली
ती रात्रीपर्यंत आलीच नाही,
आणि महाप्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचा जनरेटर
दोनदा खोकून गप्प बसला.
म्हणून नऊ हजार वर्षं
मी टेम्पोत घालून तुर्भ्याला आणली.

कोल्ड स्टोरेजच्या तिसऱ्या खोलीत
इराणी सफरचंदं, चिंचेची पोती, खजुराचे खोके,
आणि मधल्या फळीवर
मारवाडातल्या एका मेलेल्या तळ्याचा गाळ :
मीटर मीटर लांबीचे अकरा नळ,
प्रत्येकावर माझ्या अक्षरात बाण, बाणाशी 'वर'.
पावतीवर कारकुनानं लिहिलं,
माल : माती. नाशवंत : हो.

रात्रपाळीला हसुराम मढवी होते.
स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर, हातात बॅटरी.
"यात हाय काय, मॅडम?"
मी सातवा नळ उघडला,
उभा चिरलेला, अर्ध्या दुधीसारखा.

पाहुण्यांना सांगते तसं सांगत गेले :
ही काळी पट्टी, तेव्हा पाणी खोल होतं.
ही पिवळट, वाऱ्यानं आणलेली वाळू.
इथे लव्हाळ्याचे पराग सापडले, मोजून दोनशे बारा.
इथे एकही नाही.
समुद्रापासून इतक्या आत
कुठल्या वर्षी ढग पोचले, कुठल्या वर्षी वाटेतच विरले,
कुणी लिहून ठेवलं नाही.
तळ्यानंही लिहिलं नाही खरं तर,
जे पडत होतं ते पडू दिलं.

"आनि ही पांढरी?"
मीठ. तळं आटलं तेव्हाचं.
साडेचार हजार वर्षांपूर्वी,
दीडशे वर्षं इकडे किंवा तिकडे.

त्यांनी बॅटरी तिरपी धरली. दाणा चमकला.
"भरड हाय," म्हणाले, मला नव्हे, मिठाला.
"म्हंजे वारा नव्हता. वारा असला
तर पानी भराभर उडतं, दाना बारीक पडतो.
हा बसून बसून वाढलाय.
कोनी दाताळंसुद्धा फिरवलं नाय."

त्यांचं मिठागर होतं, आता जिथे ट्रक वळतात तिथे.
कधी बंद झालं? मी विचारलं.
"लगनाच्या आधी. नाय, नंतर.
थोरली पोटात होती का नव्हती..."
बोटं मोजली, मोडली, पुन्हा मोजली.
"दोनेक वर्षं इकडं का तिकडं."
मी मनात टक्केवारी काढली :
त्यांची चूक आणि आमच्या यंत्राची
जवळजवळ सारखीच.

मग, मी अडवायच्या आत,
नखानं एक खडा उचलून त्यांनी जिभेवर ठेवला.
ओरडायला हवं होतं मी.
प्रत्येक सेंटिमीटरला क्रमांक आहे, हातमोजे आहेत, नियम आहेत.
त्यांनी डोळे मिटले होते.
"कडू," म्हणाले. "शेवटचं पानी हाय ह्ये.
मीठ काढून घेतलं का खाली उरतं ते.
आमी खाडीत सोडून द्यायचो.
तुमच्या तलावाला खाडी नव्हती?"

नव्हती.
आलेलं पाणी फक्त वर जाऊ शकत होतं.

"मंग काय करनार बिचारा,"
आणि जवळच्या फुटक्या खोक्यातला
एक खजूर तोंडात टाकून
ते कंप्रेसर बघायला गेले.

नोंदवहीत मी लिहिलं,
नळ सात, त्रेचाळीस ते सत्तेचाळीस :
मीठ, भरड, संथ वाढ, वारा नसावा. चव कडू. ह. म.

सोमवारी सरांनी ओळीवर बोट ठेवलं,
ह. म. ही कुठली पद्धत?
जुनी आहे, म्हटलं.
पंचेचाळीसवर नखाएवढा खड्डा आहे,
तो अजून त्यांना दिसलेला नाही.